स्कोअर खराब नाही, स्कोअरच नाही! पहिलं क्रेडिट कार्ड कसं घ्यावं?

नाशिकचा_नवखा: नोकरीला दीड वर्ष झालं, हातात बत्तीस हजार येतात. आमच्या घरात उधारी माहीतच नाही, बाबांनी स्कूटरसुद्धा रोखीने घेतली. परवा घरकर्जाची चौकशी करायला गेलो तर साहेब म्हणाले, "तुमचा सिबिल खराब नाही हो, सिबिलच नाही!" सिबिल म्हणजे उधारी कशी फेडली त्यावरून मिळणारा स्कोअर; माझ्या रिपोर्टवर नुसतं 'एनएच', म्हणजे 'नो हिस्ट्री'. मग कार्डासाठी अर्ज केले, दोन बँकांनी नाकारले. तिसरीकडे टाकू का? घरी "कार्ड म्हणजे दारात सावकार" हे रोजचं पालुपद चालू आहे, ते वेगळंच.

जुना_खातेदार: तिसरा अर्ज अजिबात नको. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते, आणि लागोपाठ चौकश्या दिसल्या की समोरच्याला वाटतं, याला पैशाची फार निकड आहे. पगार जमा होतो त्या बँकेत पंचवीस हजारांची एफडी करा आणि तिच्यावर कार्ड मागा. एफडीच्या साधारण ऐंशी-नव्वद टक्के लिमिट मिळतं, एफडीचं व्याज चालूच राहतं. परतफेडीची नोंद इतर कार्डांसारखीच जाते. सहाएक महिन्यांत 'एनएच' जाऊन आकडा दिसायला लागेल. वार्षिक फी नसलेलंच घ्या.

गोट्या_पुणे: दर महिन्याला थोडी बाकी ठेवत जा, स्कोअर पटकन वाढतो.

सुमनताई: गोट्या, हे कुठून ऐकलंस रे? बाकी ठेवून फक्त बँकेचं भलं होतं. माझं ऐका. वीस हजारांचा फोन घेतला, बिल भरायच्या शेवटच्या तारखेला एकोणीस हजार भरले. मला वाटलं, व्याज लागलं तर उरलेल्या हजारावर लागेल. पुढच्या बिलात हजाराच्या वर नुसतं व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी! पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी मुदत रद्द, आणि माझ्या कार्डावर खरेदीच्या दिवसापासून अख्ख्या वीस हजारांवर मोजलं. महिन्याला साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, वर्षाचे बेचाळीस होतात. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरलं तर लेट फी टळते, व्याज टळत नाही. आणि कार्डाने एटीएममधून रोख काढू नका, त्यावर पहिल्याच दिवसापासून व्याज लागतं.

जुना_खातेदार: ताईंशी सहमत. आणखी एक, लिमिट वीस हजार असेल तर सहा हजारांच्या आत राहा. तीस टक्क्यांचा हा ठोकताळा आहे, कायदा नव्हे. एखाद्या महिन्यात जास्त खर्च झालाच, तर बिल निघायची वाट न बघता मध्येच भरून टाका. जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी ब्युरोंना, म्हणजे हे रिपोर्ट बनवणाऱ्या संस्थांना, माहिती पाठवावी लागते, त्यामुळे सुधारणाही लवकर दिसते. चारही ब्युरो (सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क) वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात. तो नीट वाचा. कधीकधी दुसऱ्याचंच कर्ज आपल्या नावावर चढलेलं असतं.

नाशिकचा_नवखा: एफडी केली, कार्ड आलं. मोबाईल रिचार्ज आणि पेट्रोल, एवढंच त्यावर टाकतोय. ऑटो-डेबिट लावायला गेलो तर फॉर्मवर आधीपासूनच 'मिनिमम ड्यू'ला टिक! सुमनताई, तुमचं वाचलं नसतं तर तसंच सबमिट केलं असतं. बदलून 'टोटल' केलं. बाबांना अजून सांगितलेलं नाही.