मदत हवी आहे: रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरची माहिती सगळ्यांना चालेल अशा एकाच साच्यात कशी ठेवावी?

नमस्कार मंडळी,

आडगावला आमचं ट्रान्सपोर्टचं छोटं ऑफिस आहे. स्वतःच्या सहा गाड्या, सीझनला बाहेरच्या दहा-बारा. जानेवारी ते एप्रिल बहुतेक काम द्राक्षाचं. दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसला रीफर भरायचा आणि कसारा घाट उतरून न्हावा शेवा बंदराला पोचवायचा.

एका कंटेनरची तीच ती माहिती आम्ही चार ठिकाणी चार तऱ्हेने देतो. पॅकहाऊसला व्हॉट्सअ‍ॅपवर, निर्यातदाराला त्याच्या एक्सेलमध्ये, सीएचएला (कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटला) ईमेलने आणि बंदरासाठी पोर्टलवर पुन्हा वेगळी. एकाच्या शीटमध्ये 'गाडी निघाली' म्हणजे लोडिंग संपलं, दुसऱ्याच्या शीटमध्ये गाडी गेटबाहेर पडली. जीपीएसवाला लाइव्ह लिंक देतो, पण मागचा डेटा मागितला की पीडीएफ हातात ठेवतो.

मागच्या सीझनला याचा चांगलाच चटका बसला. ऑफिसातल्या मुलाकडून कंटेनर नंबरमध्ये ८ च्या जागी ३ पडला आणि तो तसाच सगळीकडे कॉपी झाला. बंदराच्या गेटवर कागद जुळेनात. गाडी रात्रभर बाजूला, कंटेनर थंड ठेवणारा जेनसेट (जनरेटर) चालू, ड्रायव्हरचे तासातासाला फोन. माल वाचला, पण ज्याची बाग त्या कंटेनरमध्ये होती त्या शेतकऱ्याला सकाळी काय सांगायचं, हे मला रात्रभर सुचत नव्हतं. नंतर कळलं की नंबरातला शेवटचा आकडा असल्या चुका पकडायलाच ठेवलेला असतो. आयएसओ ६३४६ या कंटेनर नंबरांच्या मानकाप्रमाणे आधीची चार अक्षरं आणि सहा आकडे यांवरून तो काढतात. इतकी वर्षं आम्ही तो नुसताच टाइप करत होतो!

तेव्हापासून वाचतोय. जीएस१ या संस्थेचं ईपीसीआयएस दिसलं, मालाच्या प्रवासातल्या घटना नोंदवायचं मानक. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणासोबत आलेलं यूलिप हे सरकारी व्यासपीठही पाहिलं. आमच्याएवढ्या ऑफिसाने सुरुवात कुठून करावी? आणि माहिती खुल्या साच्यात दिली तर आमचे भाड्याचे दर दुसऱ्याला दिसतील का? दोन भागीदार त्याच भीतीने मागे सरताहेत.

प्रतिसाद

दादा, साचा खुला म्हणजे माहिती खुली असं होत नाही. रकान्यांची नावं आणि अर्थ जाहीर असतात, आत काय भरायचं आणि कोणाला दाखवायचं ते तुमच्या हातात. दर त्या फाइलमध्ये घालूच नका.

यूलिप तुमचा साचा ठरवून देणार नाही. वाहन (गाड्यांची नोंदणी), सारथी (लायसन्स), फास्टॅग अशा सरकारी यंत्रणांमधली माहिती एपीआयने, म्हणजे थेट आपल्या सॉफ्टवेअरमध्ये, मिळण्याची ती सोय आहे, त्यामुळे ते नंतर बघा. ईपीसीआयएस मात्र तुमच्या दुखण्यावरचंच आहे. प्रत्येक घटनेला काय, कधी, कुठे, का एवढं नोंदवायचं. 'लोडिंग संपलं' आणि 'गाडी निघाली' या तिथे दोन वेगळ्या घटना आहेत, त्यामुळे वाद मिटतो. २०२२ च्या २.० आवृत्तीत सेन्सरचं तापमानही त्याच नोंदीत बसतं आणि फाइल जेसनमध्ये, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरला वाचता येणाऱ्या साध्या मजकुरात, ठेवता येते. रीफरवाल्याला आणखी काय हवं?

पण आधी एक्सेलच शिस्तीत आणा. तारीख आयएसओ ८६०१ प्रमाणे, म्हणजे वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, आणि वेळेपुढे भारतीय वेळेचं +०५:३०. नाहीतर ०३/०४ हे इकडे ३ एप्रिल आणि भलत्याच सॉफ्टवेअरमध्ये ४ मार्च. बंदराचं नाव प्रत्येकाने मनाने लिहू नये, संयुक्त राष्ट्रांचा लोकोड, म्हणजे ठिकाणाचा ठरलेला कोड, वापरावा. न्हावा शेवाचा आयएनएनएसए (INNSA) आहे. जीपीएसवाल्याशी नवा करार करताना 'मागचा डेटा सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या फाइलमध्ये) मिळेल' ही ओळ लेखी घ्या.

धागाकर्ता

खूप आभार. दरांचं उत्तर भागीदारांना आत्ताच फोनवर वाचून दाखवलं. शेवटच्या आकड्याचं सूत्र आज रात्री शीटमध्ये बसवतो, नंबर चुकला की रकाना लाल. सोमवारी पिंपळगावच्या पॅकहाऊसला जाणार आहे, 'गाडी निघाली' म्हणजे नेमकं काय हे तिथेच बसून ठरवून टाकतो. नाशिकमध्ये कोणी ईपीसीआयएसची फाइल प्रत्यक्ष बनवली असेल तर नमुना दाखवाल का? मी आडगावहून कुठेही यायला तयार आहे.