मकतबात (मुलांच्या धार्मिक शाळेत) फिक्ह (इस्लामी आचार-व्यवहाराचे नियम) शिकून मुलांना नीती येते का?

खाडीकाठ: रत्नागिरी-रायगडच्या मकतबांत वजूचे (नमाजाआधी हात-तोंड धुण्याचे) सहा फर्ज, म्हणजे सक्तीच्या गोष्टी, पोरांना तोंडपाठ: नियत, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्याचा मसह (ओला हात फिरवणं), घोट्यापर्यंत पाय, आणि हाच क्रम. (आपण फिक्हच्या शाफई पंथाचे म्हणून सहा, हनफी पंथात चार.) त्याच किताबात पुढे खरेदी-विक्रीचं प्रकरण आहे, तिथवर गाडी पोचतच नाही. फळ पिकू लागल्याची खूण दिसल्याशिवाय ते विकू नये, अशी हदीस (पैगंबरांचं वचन) आहे. आपल्याकडे हापूसची बाग मोहोर यायच्या आधीच कराराने जाते, कधी दोन-तीन वर्षांसाठी एकदम. तुडतुडा लागला, भुरी आली, अवकाळी पाऊस पडला की घेणारा बुडाला. हदीसमधलं कारण नेमकं हेच: फळच आलं नाही, तर भावाचे पैसे कशाच्या बदल्यात घेतोस? नीती इथून शिकवा.

आडवाट: भाई, नियम शिकतो तो पळवाटही शिकतो. कागदावर 'जमीन भाड्याने' लिहायचं, झाडं आपोआप आली! जकातीचंही (दरवर्षीच्या सक्तीच्या दानाचंही) तेच. चांद्रवर्ष भरायच्या आत सोनं बायकोच्या नावे केलं की अडीच टक्के वाचले. इमाम गझाली स्वतः शाफई फकीह (फिक्हचे जाणकार), पण या हील्यावर, म्हणजे पळवाटेवर, त्यांनी आपल्या 'इह्या' ग्रंथात कोरडे ओढलेत. पोरांना आधी अखलाक (चांगली वागणूक) द्या.

खाडीकाठ: वाट बंद करून कुणी सुधारत नाही, सरळ वाटही दाखवावी लागते. पैगंबरांनी अरबस्तानातल्या खैबरच्या बागा निम्म्या पिकावर कसायला दिल्या होत्या. त्याला मुसाकात म्हणतात. फळ बुडालं तर दोघांचं बुडतं. शाफईंचं रूढ मत खजूर-द्राक्षांपुरतंच असलं, तरी शाफई फकीह इमाम नववी यांनी इतर फळझाडांनाही मोकळीक देणारं जुनं मत पसंत केलं. मग आंब्याला काय हरकत?

आडवाट: मोठ्यांचे करार झाले हे. पेटीत वर मोठा आंबा, खाली बारका, हे चूक आहे हे कळायला फिक्ह लागतं? पैगंबरांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतून ओलं लागलं, तेव्हा म्हणाले, 'फसवतो तो आमच्यातला नव्हे'. एवढी हदीस पुरे.

खाडीकाठ: चूक कळायला पुरे, निस्तरायला नाही. घेणाऱ्याला दोष दिसताच माल परत करता येतो, मात्र शाफईंत लगेच, रेंगाळला तर हक्क गेला. आणि तौबेच्या (गुन्ह्याची माफी मागून परतण्याच्या) तीन अटी, गुन्हा सोडणं, पस्तावा, पुन्हा न करण्याचा निश्चय, या माणसाच्या हक्काला पुरत नाहीत. चौथी असते: ज्याचं त्याला परत. वाशीला गेलेल्या पेटीचं गिऱ्हाईक सापडणारच नसेल, तर तेवढी रक्कम गरिबांना. पोराला हे सांगितलं नाही, तर तो नुसतं 'अस्तगफिरुल्लाह' (अल्लाहची माफी मागतो) म्हणून पुढची पेटी भरायला घेईल.