नवा रस्ता फोडण्याचा निर्णय नेमका कोणाचा, हे नागरिकाने कसे शोधावे?

बोरीबाभळी

सर्वांना नमस्कार. मी मराठवाड्यातील एका 'ब' वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीत राहते. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण येथील बहुतेकांना हा प्रकार आपल्याच गावातला वाटेल. आमच्या गल्लीत सिमेंट काँक्रीटचा रस्ता झाला. त्यावर पाणी मारताना अंथरलेली पोती अजून कडेला पडून होती, तोच नव्या पाणीपुरवठा योजनेच्या जलवाहिनीसाठी ब्रेकर लावून तो मधोमध फोडण्यात आला. वाहिनी टाकल्यावर चरात मुरूम भरला गेला, पहिल्या मोठ्या पावसात तो खचला आणि आता दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या कडा उघड्या पडल्या आहेत. दुचाकीचे चाक त्यात गेले की माणूस पडतोच. नळाला पाणी मात्र आजही आठ दिवसांआडच येते.

बांधकाम विभाग सांगतो की रस्ता अंदाजपत्रकाप्रमाणे पूर्ण झाला होता, तो पाणीपुरवठ्याने फोडला. पाणीपुरवठा विभागाच्या म्हणण्यानुसार योजना दुसरी यंत्रणा राबवते आणि नगरपरिषद ती पूर्ण झाल्यावर फक्त ताब्यात घेणार आहे. त्या यंत्रणेचे अभियंता म्हणतात, खोदण्याची परवानगी नगरपरिषदेनेच दिली. मुख्याधिकारी नवे आहेत, त्यामुळे हे सारे त्यांच्या आधीचे. 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार केली, तर "सदर तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे" असे एक वाक्य लिहून ती निकाली काढण्यात आली.

रस्ता कधी दुरुस्त होईल, एवढेच मला विचारायचे नाही. एकाच कार्यालयातून दोन्ही कामांचे कागद गेले असतील, तर ते एकाच टेबलावर कधी आलेच नाहीत काय? आले असतील, तर ते पाहून सही कोणी केली? हे शोधण्याचा रीतसर मार्ग कोणता?

जुना हेडक्लार्क

ताई, नमस्कार. माझी नोकरी दुसऱ्या एका नगरपरिषदेत गेली, त्यामुळे आपल्या गावाबद्दल बोलत नाही. परंतु कागदाची वाट सगळीकडे तीच असते. जबाबदार कोण, हे तोंडी विचारत फिरलात तर प्रत्येक टेबल आपल्याला पुढच्या टेबलाकडे पाठवील. नस्तीतील, म्हणजे फाइलमधील, टिपणीला मात्र तसे करता येत नाही. कनिष्ठ अभियंत्याने प्रस्ताव मांडलेला असतो, त्यावर लेखा शाखेचा शेरा असतो, खाली "मा. मुख्याधिकारी यांचे मान्यतेस्तव सादर" असे असते आणि त्याखाली सही. कधी कधी त्या सहीशेजारी "मान्य" की "चर्चा करा" हे लिहिलेलेच नसते, नुसती तिरकी सही आणि तारीख असते. मी अशा नस्त्या पाहिल्या आहेत. पुढे अडचण आली की "मी फक्त पाहिल्याची सही केली होती" असे सांगायला वाव राहतो, म्हणून ती तशी ठेवलेली असते असे माझे स्पष्ट मत आहे.

माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली अर्ज करा. शुल्क 10 रुपये आणि मुदत 30 दिवस. आपल्या राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द अशी मर्यादा आहे, त्यामुळे रस्त्याचा अर्ज वेगळा आणि खोदाईचा वेगळा करा, नाहीतर तेवढ्याच कारणावरून अर्ज परत येईल. "रस्ता का फोडला?" असा प्रश्न लिहू नका, त्याला "अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही" हे उत्तर तयारच असते. रस्त्याची प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, खोदाईची परवानगी, तिच्या अटी, तिच्यासाठी घेतलेली अनामत आणि या दोन्ही नस्त्यांतील टिपणीची पाने यांच्या प्रमाणित प्रती मागा. शक्य असेल तर आधी अभिलेखांचे अवलोकन मागा. नस्ती समोर ठेवून पान उलटताना जे कळते, ते निवडून दिलेल्या झेरॉक्समधून कळत नाही.

आणखी एक. याच कायद्याच्या कलम 4 मध्ये, प्रशासकीय निर्णयाची कारणे त्या निर्णयाची झळ पोहोचलेल्या व्यक्तींना कळवावीत, असे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य सांगितले आहे. ते सहसा कोणी वापरत नाही. आपण त्या गल्लीच्या रहिवासी आहात, तेव्हा स्वतंत्र पत्र देऊन तेही मागा आणि आवक क्रमांकासह पोच घ्या.

खंडपीठ रोड

वरील सल्ला योग्य आहे. वकिलीच्या अनुभवातून थोडी भर घालतो.

अनेकजण अशा प्रकरणात लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 कडे धाव घेतात. तो कायदा अधिसूचित सेवांपुरता आहे. नवी नळजोडणी, जन्म-मृत्यूचा दाखला, मालमत्ता कराचा उतारा किंवा थकबाकी नसल्याचा दाखला मुदतीत मिळाला नाही, तर त्याखाली अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फोडलेला रस्ता त्यात बसत नाही. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणारा 2005 चा कायदा, ज्याला आपण दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो, तो येथे अधिक उपयोगी आहे. शासकीय कर्मचाऱ्याकडे नस्ती साधारणपणे 7 कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असे तो सांगतो. मुख्याधिकारी हे राज्य सेवेतील अधिकारी असल्याने आपल्या पत्रावर त्यांनी काय केले, हे त्या आधारे विचारता येईल.

निर्णय चुकला तर त्याची किंमत कोण मोजतो, याचे मराठवाड्यातील सर्वांत मोठे उदाहरण छत्रपती संभाजीनगरच्या पाण्याचे आहे. 'समांतर' जलवाहिनीचे काम खासगी भागीदारीतून देण्यात आले, 2014 मध्ये शहराचा पाणीपुरवठा कंपनीच्या हाती गेला आणि 2016 मध्ये महापालिकेने तो करार मोडीत काढला. त्यानंतर 1,680 कोटींची नवी योजना आली, 2020 च्या डिसेंबरात तिचे भूमिपूजन झाले आणि पुढे तिचा खर्च 2,740 कोटींवर गेला. जायकवाडीचे धरण भरलेले असताना शहर टँकरकडे डोळे लावून बसते. योजना पुढे सरकावी म्हणून उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला जनहित याचिकेत वेळोवेळी आढावा घ्यावा लागला. कामाचा वेग न्यायालयाच्या तारखांवर ठरू लागणे, हे मला त्या योजनेचे यश वाटत नाही.

सूचक अनुमोदक

मी एके काळी नगरसेवक होतो, म्हणून थोडे वेगळे बोलतो, राग नसावा. सगळा दोष टिपणीवरच्या सहीत शोधला तर मूळ कारण निसटेल. रस्त्याचा निधी एका लेखाशीर्षातून येतो, पाण्याचा दुसऱ्या. रस्त्याचा पैसा मार्चअखेर खर्ची पडला नाही तर परत जाईल, ही धास्ती खरी असते. पाण्याची योजना येणार हे ठाऊक असूनही सभागृह रस्ता करून मोकळे होते, कारण वॉर्डातल्या लोकांना रस्ता दिसतो, जमिनीखालची वाहिनी दिसत नाही.

त्यातच 2021-22 च्या सुमारास अनेक नगरपरिषदांची मुदत संपली आणि निवडणुका लांबत गेल्या. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या चार महिन्यांत घेण्यास सांगितले, तोपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. राज्यघटनेचे 243-यू कलम मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे सांगते, आणि तरी हे घडले. काही ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक होते, म्हणजे प्रस्ताव त्यांचा आणि मंजुरीही त्यांचीच. थेट जनतेतून नगराध्यक्ष निवडण्याची पद्धत 2016 मध्ये आली, 2020 मध्ये गेली आणि 2022 मध्ये परत आली. अशा स्थितीत मतदाराने कोणाला जाब विचारायचा?

तरीही आपल्या उपयोगाची एक गोष्ट सांगतो. रस्ता मंजूर झाला तेव्हा सभागृह अस्तित्वात असेल, तर त्या सभेचे इतिवृत्त मागा. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे असतात. विषयपत्रिकेत तो विषय होता, की शेवटी "ऐनवेळी येणारे विषय" म्हणून घुसवला गेला, हेही पाहा. त्या मथळ्याखाली चर्चेविना काय काय मंजूर होते, हे मी आतून पाहिले आहे.

जुना हेडक्लार्क

माजी सदस्यांचा निधीचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. निधी परत जाऊ नये म्हणून रस्ता मार्चपूर्वी करायचा असेल, तर काँक्रीट ओतण्याआधी घरजोडणीसाठी आडवे पाइप टाकून ठेवता येतात, किंवा वाहिनीपुरती कडेची पट्टी मोकळी सोडून तेथे पेव्हर ब्लॉक बसवता येतात. त्यासाठी दोन अभियंत्यांनी एकदा एकत्र जागेवर जावे लागते, एवढेच. ताई, स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवालही मागून घ्या. अशा दुहेरी खर्चावर आक्षेप निघालेला असू शकतो. आक्षेप घेणारे घेतात, कार्यालय "अनुपालन सादर करण्यात येईल" असे लिहिते आणि संबंधितांची बदली होईपर्यंत तो परिच्छेद पुढच्या अहवालात जात राहतो.

बोरीबाभळी

आपणा सर्वांची आभारी आहे. दोन्ही अर्ज केले आणि नस्त्यांचे अवलोकन करून आले. खोदाईची परवानगी रस्त्याच्या कार्यारंभ आदेशाच्या आधीच दिलेली होती. दोन्ही नस्त्यांत पहिली सही एकाच कनिष्ठ अभियंत्याची आहे, म्हणजे रस्ता फुटणार हे माहीत असतानाच त्याचे काम सुरू झाले. परवानगीत "खोदलेला रस्ता पूर्ववत करून देणे बंधनकारक राहील" अशी अट आहे. परंतु शासकीय योजना असल्याने अनामत घेऊ नये, अशी टिपणी त्याच नस्तीत असून तिच्याखाली नुसती सही आहे, "मान्य" असे लिहिलेले नाही. ठराव प्रशासकाच्या काळातील असल्याने सूचक-अनुमोदकाचा प्रश्नच उद्भवत नाही. आता अनामतच नसेल, तर ती अट पाळायला कोण लावणार?

खंडपीठ रोड

अनामत नसली तरी अट राहतेच आणि ती अमलात आणण्याचे काम परवानगी देणाऱ्या कार्यालयाचे आहे. त्या पानाची प्रमाणित प्रत जोडून मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्या आणि त्याची प्रत योजना राबवणाऱ्या यंत्रणेच्या कार्यकारी अभियंत्यांना व जिल्हाधिकारी कार्यालयातील नगरपालिका शाखेला पाठवा. पत्रात दोनच मागण्या ठेवा: रस्ता पूर्ववत झाल्याच्या संयुक्त पाहणीशिवाय कंत्राटदाराचे अंतिम देयक काढू नये आणि तोपर्यंत नगरपरिषदेने योजनेचे हस्तांतरण स्वीकारू नये. हे पत्र अंतिम देयक निघण्यापूर्वी पोहोचले पाहिजे, म्हणून काम कोणत्या टप्प्यावर आहे ते उद्याच विचारून घ्या. अनामत माफ करण्याची टिपणी कोणत्या शासन निर्णयाच्या आधारे लिहिली, त्याची प्रत तिसऱ्या स्वतंत्र अर्जाने मागा. 30 दिवसांत उत्तर आले नाही, तर त्यापुढच्या 30 दिवसांत पहिले अपील करा. त्यानेही काम झाले नाही, तर 90 दिवसांच्या आत माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे दुसरे अपील करता येते. विनाकारण माहिती अडवणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 रुपयांपर्यंत शास्ती करण्याचा अधिकार आयोगाला आहे, आणि ती त्याच्या स्वतःच्या खिशातून जाते.