मदत हवी आहे: वाराडेरोहून क्युबन सिगारचा खोका घ्यायचाय, खरा-खोटा कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅनडात, टोरांटोजवळ मिसिसागाला राहतो. डिसेंबरात आठवडाभर क्युबात वाराडेरोला जातोय आणि जानेवारीत पुण्याला. सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे. बाबा मर्चंट नेव्हीत होते, बोटीवरच्या दिवसांत त्यांनी उत्तम हवाना सिगार ओढलेले आहेत आणि आजही वर्षातून दोन-चारदा गच्चीवर बसून एखादा शिलगावतात. त्यांना कोहिबा या क्युबन ब्रँडच्या सिगारचा खोका द्यायची माझी फार इच्छा आहे.

टोरांटोत क्युबन सिगार रीतसर मिळतात, पण इथल्या साध्या वेष्टनाच्या कायद्यामुळे खोका आणि सिगारची पट्टी, दोन्ही एकाच मळकट तपकिरी रंगात. पंचाहत्तरीला तसं काही हातात ठेवावंसं वाटत नाही.

ऑफिसातल्या मैत्रिणीच्या ओळखीचा एक माणूस वाराडेरोत हॉटेलात कामाला आहे. त्याचा नातेवाईक म्हणे हवानाच्या कारखान्यात सिगार वळतो आणि कामगारांना खोके मिळतात. २५ कोहिबा एस्प्लेंडिडोसचे (हा कोहिबाचाच एक लांब प्रकार) १८० डॉलर सांगतोय. फोटो पाठवलेत. हिरवं-पांढरं सरकारी सील आहे, त्यावर डाव्या अंगाला बारकोड, उजवीकडे होलोग्राम. कोपऱ्यात तिरपी 'हाबानोस'ची (क्युबन सिगार विकणारी कंपनी) पट्टी. तळाशी स्पॅनिश मजकूर आणि शाईचा शिक्का. मला तरी सगळं ठीक दिसतंय, पण मी स्वतः सिगार ओढत नाही, त्यामुळे माझ्या नजरेला अर्थ नाही.

खोटा निघाला तर बाबांना पहिल्याच झुरक्यात कळेल, आणि माझं मन राखायला ते काही बोलणार नाहीत. तेवढं मला नको आहे. पैसे देण्याआधी काय काय बघू?

– सागरतीर

खारेवारे:
कारखान्यातल्या नातेवाइकाची गोष्ट हवानाच्या रस्त्यांवर आणि वाराडेरोच्या किनाऱ्यावर पावलोपावली ऐकायला मिळते. वळणाऱ्या कामगारांना स्वतः ओढायला थोडे सिगार मिळतात हे खरं, पण सीलबंद खोके कोणी घरी देत नाही. शिवाय २०२२ मध्ये कोहिबा आणि त्रिनिदाद या दोन ब्रँडचे जगभरातले भाव हाँगकाँगच्या चढ्या दराला नेऊन ठेवले. क्युबातल्या सरकारी दुकानातही कोहिबा आता स्वस्त नाही. १८० डॉलर ऐकूनच मी थांबलो असतो.

रानवाट:
सागरतीर, फोटोंवरून सांगता येईल तेवढं सांगतो, पण आधी एक गोष्ट मनाशी धरा: खोका खरा असला म्हणून आतले सिगार खरे असतीलच असं नाही. रिकामे अस्सल खोके विकत घेऊन त्यात भलतंच भरून नव्याने सील लावतात. त्यामुळे खोक्याची परीक्षा फक्त नापास करायला उपयोगी पडते, पास करायला नाही.

तळाशी 'हाबानोस एस.ए.', 'एचो एन कूबा' आणि 'तोतालमेन्ते आ मानो' म्हणजे संपूर्ण हातवळणीचे, एवढं डागून उमटवलेलं असतं. बोट फिरवलं तर खोलवा लागतो. नुसतं छापलेलं किंवा चिकटवलेलं असेल तर विषय संपला. त्याच्या शेजारी शाईचा शिक्का असतो, त्यात कारखान्याचा सांकेतिक शब्द आणि महिना-वर्ष. महिना स्पॅनिशमध्ये असतो, जानेवारीला 'एने', एप्रिलला 'आब्र', ऑगस्टला 'आगो', डिसेंबरला 'दिक'. इंग्रजी महिना दिसला की खोटा. बारकोड-होलोग्रामचं सील २०१० च्या आसपास आलं, म्हणून खोक्यावर २००५ सालचा शिक्का आणि वर हे सील, असं असेल तरी गडबड. काचेच्या झाकणाचा कोहिबा खोका दाखवला तर तिथूनच उठा, तसा खोका ते बनवतच नाहीत.

आता सिगार. एस्प्लेंडिडोस १७८ मिमी लांब आणि ४७ रिंगचा, म्हणजे जाडी साधारण साडेअठरा मिमी. फूटपट्टीने मोजून घ्या, नकली माल पुष्कळदा इथेच घसरतो. खोक्यातल्या सगळ्यांचा रंग जवळपास एकसारखा हवा, कारण कारखान्यात रंगछटा लावूनच ते भरतात. डोक्याकडे, म्हणजे तोंडात धरतात त्या टोकाला, पानाच्या टोपीचे तीन पदर बारकाईने पाहिले तर दिसतात. पायाकडून, म्हणजे पेटवतात त्या टोकाकडून, पाहिलं तर दुमडलेली सलग पानं दिसली पाहिजेत. चुरा भुरभुरला तर तो खरा कोहिबा नव्हे. सिगारच्या पट्टीवर तायनो (क्युबातले मूळ रहिवासी) माणसाचं डोकं आणि काळ्यावर पांढरे चौकोन असतात. छपाई उठावदार, चौकोन कडेला स्वच्छ, आणि सगळ्या पट्ट्या एकाच उंचीवर, तोंड वर करून. पट्टीची रचना मधल्या काळात बदलली आहे, तेव्हा खोक्यावरच्या सालाशी ती जुळते का हेही बघा.

सीलवरचा बारकोडचा आकडा हाबानोसच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. त्या माणसाकडून स्पष्ट फोटो मागवा.

पिंपळपार:
मी न्यू जर्सीत असतो, त्यामुळे एक भर. इथे दुकानात 'कोहिबा' सर्रास मिळतो, पट्टीवरच्या 'ओ'मध्ये लाल ठिपका. तो नकली नाही, डोमिनिकन रिपब्लिकमध्ये वळलेला दुसऱ्याच कंपनीचा सिगार आहे. नावावरून दोघांचा कोर्टात जुना वाद आहे. मोंतेक्रिस्तो, रोमियो ई हुलिएता या ब्रँडचंही तसंच. १९६२ च्या निर्बंधांमुळे अमेरिकेतल्या दुकानात क्युबन माल येऊ शकत नाही. कोणी नातेवाईक इथून 'क्युबन' आणतो म्हणाला तर हे लक्षात असू द्या.

सागरतीर:
सगळ्यांचे मनापासून आभार. आकडा तपासला. संकेतस्थळाने तो अस्सल दाखवला आणि मला क्षणभर फार आनंद झाला. मग रानवाटांचं वाक्य आठवून त्या माणसाला म्हटलं, आणखी एक खोका हवाय, त्याच्या सीलचाही फोटो पाठव. दोन्हींवर एकच आकडा! म्हणजे एका खऱ्या सीलची नक्कल करून सगळ्या खोक्यांवर डकवलेली. त्याला नम्रपणे नको म्हणून कळवलंय.

आता दुकानातूनच घेणार. पण २५ कोहिबा आमच्या आवाक्यात नाहीत. काय घेऊ?

रानवाट:
छान केलंत, हा दुसरा फोटो मागवायचा उपाय मीही लक्षात ठेवतो. हवानाला एक दिवस जाणार असाल तर 'ला कासा देल हबानो' या क्युबन सिगारच्या अधिकृत साखळीचं कुठलंही दुकान गाठा, वाराडेरोतही आहे. काउंटरवरच खोका उघडून दाखवायला सांगा, ते आनंदाने दाखवतात. पावती जपा, परतताना कस्टममध्ये लागू शकते. बाबांसाठी मला विचाराल तर मोंतेक्रिस्तो नंबर ४. छोटा, १२९ मिमीचा, अर्ध्या-पाऊण तासात संपणारा, आणि जुन्या बोटीवाल्यांच्या ओळखीचा. कोहिबाची हौस राहतेय असं वाटलं तर सुटा एखादा मिळाल्यास सोबत घ्या. फक्त भारतात माणशी २५ सिगारच करमुक्त आहेत. खोका २५ चा असेल तर तो सुटा तुमच्या मिस्टरांच्या किंवा मिसेसच्या सामानात टाका.

सागरतीर:
मोंतेक्रिस्तोचं नाव बाबांच्या तोंडून ऐकलंय! ठरलं. जानेवारीपर्यंत आमच्या घरात हीटरमुळे हवा अगदी कोरडी असते, तोवर ते कसे ठेवू?

खारेवारे:
खोका तसाच हवाबंद डब्यात किंवा जाड झिप पिशवीत ठेवा आणि शेजारी ६५ किंवा ६९ टक्क्यांची आर्द्रता राखणारी पुडी टाका, टोरांटोत सिगारच्या दुकानात मिळते. फ्रीजमध्ये ठेवू नका आणि हीटरपासून लांब, कपाटाच्या खालच्या कप्प्यात असू द्या. विमानात हातातल्या बॅगेतच घ्या.