नारिंग, पोर्तोकाली, सिनासआपेल : एकाच फळाची इतकी नावे कशी?

प्रश्न (धंतोली, नागपूर) :
स्पॅनिशमध्ये संत्र्याला ‘नारांखा’ म्हणतात आणि आपल्या नारिंगाशी असलेले त्याचे नाते कानालाच कळते. मात्र डचमधील ‘सिनासआपेल’, रशियनमधील ‘अपेल्सिन’ आणि ग्रीकमधील ‘पोर्तोकाली’ हे शब्द पाहिले, की एकाच फळाच्या नावांत इतकी फारकत कशी पडली, हे उमगत नाही. जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १ :
युरोपात ही फळे दोन वेळा, दोन वाटांनी पोहोचली. आधी गेले ते कडू नारिंग. संस्कृत ‘नारङ्ग’ हा शब्द बहुधा मूळचा द्राविडी असावा, कारण मल्याळममध्ये ‘नारंगा’ आजही रूढ आहे. तो फारसीत ‘नारंग’ आणि अरबीत ‘नारंज’ झाला, आणि अरबांनी सिसिलीत व स्पेनमध्ये ही झाडे लावली तेव्हा झाडांबरोबर नावही तिथे रुजले. स्पॅनिशने आरंभीचा ‘न’ राखला, पोर्तुगीजांनी त्याचा ‘ल’ करून ‘लारांजा’ म्हटले, तर इटालियनमध्ये तो ‘ऊना’ या उपपदात विरून ‘अरांचा’ उरले. फ्रेंच ‘ओरांज’मधल्या ‘ओ’वर सोन्याला असलेल्या ‘ओर’ या शब्दाची छाप पडली असावी. इंग्रजीने तेच रूप उचलले. रंगाचे नाव म्हणून त्याचा वापर पुढे १६व्या शतकात सुरू झाला.

गोड फळ युरोपभर पसरले ते १६व्या शतकात, मुख्यतः पोर्तुगीज व्यापारामुळे. म्हणून ग्रीक, रुमानियन, बल्गेरियन भाषांनी त्याला पोर्तुगालचेच नाव दिले; डच आणि उत्तर जर्मन लोकांनी मात्र मूळ देशाकडे बोट दाखवून त्याला ‘चीनचे सफरचंद’ म्हटले आणि रशियनने तोच शब्द घेतला. ग्रीकमध्ये आजही कडू ते ‘नेरांत्सी’ आणि गोड ते ‘पोर्तोकाली’ असा भेद पाळला जातो. माझ्या मते याहून बोलका पुरावा नाही.

प्रतिसाद २ (काटोल) :
२०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आपले नागपुरी संत्रे या दोन्हींत बसत नाही, हेही नोंदवावेसे वाटते. सैल सालीचे हे फळ शास्त्रीयदृष्ट्या मँडरिन आहे. चिनी अधिकाऱ्यांसाठी पोर्तुगीजांनी वापरलेला ‘मांदारिम’ हा शब्द मलयमधील ‘मंतरी’वरून, म्हणजे अखेर संस्कृत ‘मन्त्रिन्’वरून आला आणि पुढे फळाला चिकटला. ‘संत्रे’ हा शब्दही पोर्तुगालमधील सिंत्रा गावावरून आला, असे ऐकले आहे. ते खरे मानावे का?

प्रतिसाद ३ :
मला ते पटत नाही. १५३० साली निवर्तलेल्या बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील फळे वर्णिताना संगतऱ्याचाही उल्लेख केला आहे. पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला उतरले. एवढ्या थोड्या अवधीत त्यांच्या एका गावाचे नाव उत्तरेत फळाचे रूढ नाव व्हावे, हे संभवत नाही.