शमहत ‘देवदासी’ होती का?

रंकाळा_वाचक:
उरुकचा राजा गिल्गामेश याच्यावरच्या प्राचीन मेसोपोटेमियातल्या महाकाव्यावर कोल्हापुरात वाचक मंडळात बोलायचंय. मराठी लेखांत त्यातल्या शमहत या बाईला सरसकट ‘देवदासी’ म्हणतात. आपल्याकडं हा शब्द निघाला की समोर सौंदत्तीला सोडलेली जोगतीणच उभी राहते. मग तो वापरावा का?

मातीची_पाटी:
नका वापरू. मूळ अक्कडी भाषेतला शब्द ‘हरीम्तू’, म्हणजे वेश्या. तिला देवाला वाहिल्याचं काव्यात कुठंच नाही. सहा दिवस, सात रात्री रानात जनावरांसोबत वाढलेला एन्किडू तिच्यापाशी राहतो आणि जनावरं त्याला बुजायला लागतात. पुढं त्याला भाकरी खायला, बिअर प्यायला तीच शिकवते. सात सुरया रिचवतो गडी! काव्य मातीच्या पाट्यांवर लिहिलंय; त्यातल्या सातव्या पाटीवर मरणाच्या दारात तो तिला शिव्याशाप देतो: तटबंदीची सावली हीच तुझी उभं राहायची जागा, दारुडा तुझ्या थोबाडीत मारो. तेव्हा सूर्यदेव शमाश त्याला खडसावतो, ‘जिनं तुला खाऊ घातलं, कपडे नेसवले, गिल्गामेशसारखा सोबती दिला, तिला शाप?’ मग एन्किडू शाप सोडून आशीर्वाद देतो. हे दोन्ही उतारे लागोपाठ वाचून दाखवाच, तिचा दर्जा त्या ओढाताणीतच कळतो.

सिप्पारकर:
पुजारणी निराळ्या. सिप्पार शहरातल्या शमाशची ‘नदीतू’ ही पुजारीण गगूम नावाच्या बंदिस्त वसाहतीत राही, लग्न करत नसे, पण जमिनीचे व्यवहार करी. बाबिलोनच्या मार्दुक देवाची नदीतू लग्न करू शके, मूल मात्र होऊ द्यायचं नाही. त्यासाठी नवऱ्याला दासी देई. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्याचं ११० वं कलम बघा: गगूमबाहेर राहणारी नदीतू किंवा एन्तू (वरच्या दर्जाची पुजारीण) गुत्त्यात बिअर प्यायला गेली तर जाळून टाका. अशा बाईला वेश्या म्हणायचं कसं? अत्राहसीस या मेसोपोटेमियातल्याच दुसऱ्या काव्यात तर माणसांची संख्या आवरायला देवच काही पुजारणींना अपत्यबंदी घालतात.

घोळ होतो तो ग्रीक इतिहासकार हेरोडोटसमुळं. बाबिलोनची प्रत्येक बाई एकदा देवळात परक्या पुरुषापुढं बसते, हे त्यानं लिहिलं इ.स.पू. ५व्या शतकात, हम्मुराबीनंतर सुमारे १३०० वर्षांनी. ते जुन्या पाट्यांवर चिकटवू नका.

रंकाळा_वाचक:
म्हणजे जोगतिणीशी तुलना पूर्ण सोडायची?

मातीची_पाटी:
शमहतसाठी सोडाच. शाहू महाराजांनी १९२० साली कायदा केला तो पोरी देवाला सोडण्याविरुद्ध. त्या पोरींचं दुःख खरं आहे, ते उरुकच्या गोष्टीला उपमा म्हणून वापरू नये. मराठीत ‘वेश्या’ म्हणा, किंवा ‘हरीम्तू’ तसाच ठेवून एकदा अर्थ सांगा.