सागाचे बी कोणत्या झाडांवरून घ्यावे? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार,

आम्ही अकरा अल्पभूधारक शेतकरी आहोत. प्रत्येकाकडे बांधावर किंवा हलक्या जमिनीच्या तुकड्यात सागाची थोडी झाडे आहेत, आणि पुढच्या लागवडीची रोपे आपल्याच झाडांच्या बियांपासून करायची असे ठरले आहे. मात्र बी कोणत्या झाडांचे घ्यावे यावर आमचे एकमत होत नाही. यातली चूक पंचवीस-तीस वर्षांनी, झाड तोडायच्या वेळीच लक्षात येणार असल्यामुळे जाणकारांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये असे मला वाटते.

माझी मुख्य शंका अशी आहे. ज्या झाडांना लवकर आणि भरपूर बी धरते, त्यांचेच बी गोळा करणे सर्वांना सोयीचे वाटते. परंतु सागाचा फुलोरा शेंड्यावर येतो. पहिला फुलोरा आला की मुख्य शेंडा तिथेच संपतो आणि पुढची वाढ बाजूच्या डोळ्यांतून होते. म्हणजेच जे झाड कमी वयात फुलते, त्याला खालीच दुबेळके फुटते आणि अखंड बुंधा आखूड राहतो. फुलोऱ्याचे वय बऱ्याच अंशी आनुवंशिक असल्यामुळे, सोयीने गोळा केलेले बी म्हणजे नकळत आखूड बुंध्यांचीच निवड ठरते. याउलट सरळ, उंच झाडांना व्यापाऱ्याची मागणी आधी येते आणि अडचणीच्या वर्षी तीच आधी तुटतात. माझ्याकडची सर्वांत सरळ दोन झाडे मी स्वतः अशीच विकली आणि त्यांचे बी राखून ठेवले नाही, याची आज फार हळहळ वाटते.

त्या दोन्ही खुंटांना आता जोमदार फुटवे आले आहेत. खुंटाचा फुटवा कोवळ्या रोपासारखा असल्यामुळे जून फांदीपेक्षा त्याला मुळ्या सहज फुटतात, एवढे मला माहीत आहे. साधी सावली आणि दमट हवा राखून घरच्या घरी असे छाट कोणी रुजवले असतील, तर छाट किती लांबीचे आणि किती कोवळे घेतले हे कृपया सविस्तर लिहावे.

दुसरा प्रश्न निवडीच्या पद्धतीचा आहे. बांधावरच्या झाडाला ऊन आणि खत जास्त मिळते, त्यामुळे त्याचा घेर मोठा असणे हा वाणाचा गुण मानता येत नाही. म्हणून प्रत्येक उमेदवार झाडाची तुलना त्याच जमिनीतल्या, त्याच वयाच्या चार-पाच शेजारच्या झाडांशी करावी, आणि घेरापेक्षा बुंध्याचा सरळपणा, दुबेळक्याची उंची व फांद्यांची जाडी यांना अधिक महत्त्व द्यावे, असा माझा विचार आहे. झाड कितव्या वर्षी निवडणे भरवशाचे ठरते? माझी झाडे नऊ वर्षांची आहेत, आणि एवढ्या वयात गाभ्याच्या लाकडाविषयी काही ठरवणे मला घाईचे वाटते.

सर्वांत जास्त काळजी मात्र संख्येची वाटते. बी किमान पंचवीस-तीस झाडांवरून, तीही एकमेकांपासून दूर असलेल्या झाडांवरून, सारख्या प्रमाणात घेऊन मिसळावे, असा सर्वसाधारण नियम आहे. आमच्यापैकी सात जणांनी रोपे एकाच रोपवाटिकेतून, एकाच वर्षी आणली होती. ती सगळी मोजक्याच झाडांची संतती असली, तर सात शेतांतून बी घेऊनही आपण भावंडांचाच संकर करत राहू. मॅंजियम बाभळीच्या (लाकडासाठी लावल्या जाणाऱ्या एका परदेशी बाभळीच्या) बाबतीत असे घडलेले आहे: १९६६ साली ती ऑस्ट्रेलियातून मलेशियातल्या सबाहमध्ये नेली, तेव्हा सुरुवात अगदी थोड्या बियांवर झाली होती, आणि पुढे पापुआ न्यू गिनीच्या बियांची झाडे सबाहमधल्या त्या झाडांच्या संततीपेक्षा सरस वाढली. आमच्या शेतांत असे होऊ नये म्हणून बाहेरचे बी किती प्रमाणात मिसळावे?

बी रात्री भिजवून दिवसा वाळवण्याची पद्धत आम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे उगवणीबद्दल विचारत नाही. मला हवे आहे ते निवडीबद्दलचे मार्गदर्शन. विशेषतः, निवडलेल्या प्रत्येक झाडाचे बी वेगळे ठेवून त्याची स्वतंत्र ओळ लावायची, आणि काही वर्षांनी कमजोर ओळी विरळून उरलेल्या झाडांतून बी घ्यायचे, हा प्रयोग अकरा छोट्या तुकड्यांत विभागून केला तर तुलना विश्वासार्ह राहील का, की त्यासाठी कोणीतरी एकाने सलग जमीन द्यावी लागेल?